बॉयलरचा धूर तेलाच्या टाकीत कशाला?

पंढरपूर तालुक्यातल्या साखर कारखान्यात बॉयलरवर काम करणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. त्यांचा भाचा इंजिन कॅडेट म्हणून तेलवाहू जहाजावर निघालाय. टाकीत स्फोट होऊ नये म्हणून तिथे बॉयलरचा धूर तेलाच्या टाकीत सोडतात, असं त्याला ट्रेनिंगमध्ये शिकवलं. मामांना ते पटेना. ते लिहितात, "चिमणीतून ठिणगी उडेल म्हणून आम्ही बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) ढिगाशेजारी पाण्याचे पाइप तयार ठेवतो, आणि हे लोक धूर थेट तेलात सोडतात? आणि त्यात एवढा गुण असेल तर आमच्या डिस्टिलरीतल्या इथेनॉलच्या टाक्यांना ही सोय का नाही?"

मी टँकरवरून चीफ इंजिनीअर म्हणून निवृत्त झालो, आता जुळे सोलापूरला असतो. बॉयलरवाल्या माणसाला हे समजावणं सोपं आहे, कारण यातली अर्धी यंत्रणा तुम्ही रोज हाताळता.

सुरुवात टाकीपासून करू. भरलेल्या टाकीची लोकांना भीती वाटते, पण जहाजावर खरी भीती रिकाम्या टाकीची असते. द्रव तेल पेटत नाही, पेटते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली असेल तरच. कच्च्या तेलाच्या वाफेचं हे प्रमाण ढोबळमानाने १ ते १० टक्के. १ च्या खाली मिश्रण फार विरळ, १० च्या वर फार दाट. टाकी तुडुंब असते तेव्हा वर वाफेला जागाच थोडी. तेल उपसायला लागलात की तेवढीच हवा आत येणार, तळाशी आणि भिंतींना चिकटलेला गाळ वाफ सोडत राहणार, आणि त्या प्रचंड पोकळीत कुठे ना कुठे पेटण्याजोगं मिश्रण तयार होणारच. मोठ्या कच्च्या तेलाच्या जहाजात ३ लाख टनांच्या आसपास माल असतो. त्यातली एकेक टाकी म्हणजे कित्येक मजली पोकळी.

मग ठिणगी होऊ न देणं हाच उपाय नव्हे का? बरीच वर्षं सगळ्यांची तशीच समजूत होती. डिसेंबर १९६९ मध्ये ती मोडली. एकाच महिन्यात तीन अवाढव्य टँकरच्या टाक्यांत स्फोट झाले: मार्पेसा, माक्ट्रा आणि नॉर्वेचं काँग हाकोन सातवा. तिन्ही जहाजं माल उतरवून परतीच्या वाटेवर होती, तिन्हींवर रिकाम्या टाक्या धुण्याचं काम चालू होतं. मार्पेसा तर पहिल्याच फेरीवर होतं, ते बुडालं. टाकीत कुणी विडी ओढत नव्हतं की वेल्डिंग करत नव्हतं. नंतरच्या संशोधनात बोट गेलं ते धुण्याच्या पाण्याकडे. मोठ्या दाबाच्या यंत्रांतून समुद्राचं पाणी भिंतींवर आपटलं की टाकीभर बारीक तुषार पसरतात, आणि त्या धुक्यावर स्थिर विद्युत साठते. वरून पाण्याचा एखादा गोळा त्यातून खाली पडला, की तो हा भार घेऊन लोखंडाजवळ जातो आणि तिथे ठिणगी उडते. म्हणजे ज्या पाण्याने आपण आग विझवतो त्याच पाण्याने ठिणगी दिली.

तेव्हापासून एक गोष्ट पक्की झाली. आगीला वाफ, ऑक्सिजन आणि ठिणगी अशा तीन गोष्टी लागतात. तेलाच्या जहाजावर वाफ काढून टाकता येत नाही, तोच आपला धंदा. ठिणगीची शंभर कारणं बंद केलीत तरी एकशे एकावं निघतं. हातात उरतो तो ऑक्सिजन. हवेत तो २१ टक्के असतो. टाकीतलं प्रमाण साधारण ११ टक्क्यांच्या खाली नेलं, की तेलाची वाफ कितीही असो आणि ठिणगी कितीही मोठी असो, मिश्रण पेटत नाही. नियम आणखी मार्जिन ठेवतो: टाकीत ८ टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि यंत्रणेतून येणारा गॅसच ५ टक्के किंवा त्याहून कमी हवा.

इतका कमी ऑक्सिजन असलेला वायू, आमच्या भाषेत इनर्ट गॅस, समुद्राच्या मध्यावर, तोही तासाला हजारो घनमीटर, फुकट कुठे मिळेल? तुमच्या बॉयलरच्या चिमणीत. नीट जळणाऱ्या बॉयलरच्या धुरात ऑक्सिजन ३-४ टक्के उरतो, बाकी बहुतेक नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या सन ऑइल कंपनीने १९३० च्या दशकातच आपल्या जहाजांवर ती वापरली होती. बाकीच्यांना मात्र १९६९ चा धक्का लागला.

जहाजाच्या इंजिनाचा धूर का नाही, असा प्रश्न तुमचा भाचा विचारील. डिझेल इंजिन जास्तीची हवा ओढून चालतं, त्याच्या धुरात १३-१४ टक्के ऑक्सिजन उरतो. तो टाकीत सोडणं म्हणजे थोडी गरम, घाणेरडी हवा सोडण्यासारखंच. म्हणून मोठ्या कच्च्या तेलाच्या जहाजांवर बॉयलरचा धूर घेतात. पेट्रोल-डिझेल वाहणाऱ्या जहाजांवर बहुधा वेगळा इनर्ट गॅस जनरेटर असतो. त्यात हलकं तेल मोजक्या हवेत जाळतात, म्हणजे काजळी कमी आणि माल काळा होत नाही.

आता ठिणग्यांचं. धूर चिमणीतून निघून थेट टाकीत जात नाही. वाटेत पहिला येतो स्क्रबर, तुमच्या कारखान्यातल्या वेट स्क्रबरचा भाऊच म्हणा, फक्त याला समुद्राचं पाणी. उंच टॉवरमध्ये वरून पाण्याचे फवारे, खालून धूर. काजळी आणि राख धुतली जाते, ठिणगी तिथेच विझते, गंधकाचा बहुतेक वायू पाण्यात उतरतो, आणि शेकडो अंशांचा धूर समुद्राच्या पाण्याहून जेमतेम काही अंश गरम राहून बाहेर पडतो. मग डिमिस्टर, म्हणजे पाण्याचे थेंब अडवणारी जाळी. मग ब्लोअर, निदान दोन. यांची क्षमता पंपांच्या उपशाच्या १२५ टक्के हवी असा नियम आहे, कारण तासाला १५,००० घनमीटर तेल बाहेर जात असेल तर तेवढ्याहून जास्त गॅस आत यायलाच हवा, नाहीतर टाकी हवा ओढणार. तुमच्या आयडी फॅनचं काम धूर चिमणीबाहेर काढून टाकण्याचं, इथले ब्लोअर तो गाळून उलट कामाला लावतात.

पण बॉयलरवाल्याच्या नजरेने पाहिलंत तर खरा प्रश्न पुढे आहे. या पाइपच्या एका टोकाला बॉयलरची आग आणि दुसऱ्या टोकाला तेलाची टाकी. ब्लोअर बंद पडला आणि टाकीत दाब जास्त असला, तर तेलाची वाफ उलटी वाहत बॉयलरपर्यंत येईल! ती अडवायला डेकवर वॉटर सील असतं. साध्या प्रकारात ती पाण्याने भरलेली बंद टाकी. गॅसचा पाइप पाण्यात बुडलेला, गॅस बुडबुडे काढत वर येतो आणि पुढे जातो. उलटा दाब आला की तेच पाणी येणाऱ्या पाइपात चढतं आणि वाट बंद होते. त्याच्या पुढे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने वाहू देणारा, त्यापुढे हाताने बंद करायचा व्हॉल्व्ह. एवढ्या यांत्रिक पसाऱ्यात ज्याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास टाकायचा ते पाणी आहे, कारण पाणी अडकत नाही, गंजत नाही. मात्र ते चालू असलं पाहिजे. थंड प्रदेशात सीलला हीटिंग द्यावं लागतं, नाहीतर ते गोठतं. भाच्याला सांगा, जहाजावर चढलास की डेकवरच्या सीलच्या काचेतली पाण्याची पातळी आधी बघ, बाकीचे चकचकीत पॅनल नंतर.

दाबाचंही सांगतो, कारण तुमच्या डिस्टिलरीशी त्याचा थेट संबंध आहे. टाकीत गॅसचा दाब नेहमी थोडा जास्त ठेवतात, म्हणजे कुठे फट असली तर गॅस बाहेर जाईल, हवा आत येणार नाही. पाण्याच्या स्तंभात मोजलं तर १०० मिलिमीटरच्या खाली आला की अलार्म. वरची मर्यादा साधारण १४०० मिलिमीटरला, तिथे प्रेशर-व्हॅक्यूम व्हॉल्व्ह उघडतो. ऐकायला हे काहीच नाही, पण १४०० मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला १.४ टन. ५०० चौरस मीटरच्या डेकवर खालून ७०० टनांची ढकल. व्हॉल्व्हने दगा दिला तर पीव्ही ब्रेकर आहे. तो म्हणजे द्रवाने भरलेली उभी नळी, जास्त दाबात तिच्यातला द्रव बाहेर फेकला जातो आणि टाकी वाचते. निर्वाताची बाजू आणखी नाजूक, साधारण ३५० मिलिमीटरला व्हॉल्व्ह उघडून हवा आत घ्यायला लागतो. बंद टाकीतला गॅस नुसता १० अंशांनी थंड झाला तर दाब ३३० मिलिमीटरच्या आसपास उतरतो. दिवसभर तापलेलं डेक रात्री निवलं की एवढं सहज होतं. म्हणून प्रवासात अधूनमधून टाक्यांत गॅस भरून दाब सावरावा लागतो. हे काम कंटाळवाणं, आणि टाळायचा मोह होतो तो नेमका याच कामात. बॉयलर कमी लोडवर चालवावा लागतो, कमी लोडवर जास्त हवा जाते, ऑक्सिजन ५ च्या वर जातो, मग बॉयलरची हवा जुळवत बसा. तुम्हाला हे सांगायला नको.

धोक्याची सगळ्यात मोठी वेळ कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी माल उतरवणं म्हणणार नाही. टाकीतून गॅस काढून हवा भरण्याची वेळ. ड्राय डॉकला (दुरुस्तीच्या कोरड्या गोदीत) जायचंय, किंवा टाकीत माणूस उतरवायचाय, तर हवा भरावीच लागते. समजा टाकीत तेलाची वाफ ८ टक्के आणि ऑक्सिजन ४ टक्के आहे. आत्ता ती पेटत नाही. आता पंखे लावून सरळ हवा सोडली. तीन भागांत दोन भाग हवा झाली की ऑक्सिजन १५ च्या वर गेला आणि वाफ अजून अडीच टक्क्यांच्या वर आहे. पेटायला अगदी जुळलेलं मिश्रण तुम्ही स्वतःच्या हाताने बनवलंत. म्हणून आधी इनर्ट गॅसनेच वाफ हुसकून २ टक्क्यांच्या खाली आणायची आणि मगच हवा. मग निम्मी हवा मिसळली तरी ऑक्सिजन साडेबारा, पण वाफ १ वर आलेली, पेटायला अपुरी. कागदावर दोन ओळींचं गणित आहे, प्रत्यक्षात त्यात बरेच तास जातात. आणि बंदरात पोचायची घाई असली की त्या तासांवरच डोळा जातो.

२८ फेब्रुवारी २००४ रोजी अमेरिकेच्या व्हर्जिनिया किनाऱ्याजवळ बो मॅरिनर नावाचं जहाज असंच गेलं. पेट्रोलमध्ये मिसळायच्या एमटीबीई नावाच्या रसायनाच्या रिकाम्या टाक्या साफ करण्यासाठी उघडल्या होत्या, त्यांत इनर्ट गॅस नव्हता. २७ पैकी २१ जण गेले. भरलेल्या टाक्यांत काय होतं? इथेनॉल. तुमच्याच कारखान्यात बनतं तो माल.

मोजण्यातही एक फसवणूक आहे. साधा एक्स्प्लोझिमीटर, म्हणजे पेटणारा वायू मोजणारं यंत्र, आतल्या तापलेल्या तारेवर गॅस जाळून रीडिंग देतो. इनर्ट टाकीत ऑक्सिजनच नाही, तर जळणार काय? काटा शून्याजवळ राहतो आणि माणूस म्हणतो टाकी स्वच्छ आहे. तिथे ऑक्सिजनशिवायही वाफ मोजणारा इन्फ्रारेड मीटर किंवा टँकस्कोप लागतो. ऑक्सिजन मीटरसुद्धा वापरण्याआधी नायट्रोजनवर शून्य आणि बाहेरच्या हवेवर २०.९ दाखवतोय का हे तपासायचं. आणि रीडिंग झाकणाजवळचं एकच नको: वरचं, मधलं, तळाचं, कारण टाकी मोठी आणि गॅस थरांनी बसलेला असतो.

इनर्ट गॅस टाकीच्या आत वाचवतो, डेकवर नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. टाकी भरताना आतलं मिश्रण व्हेंटमधून बाहेर पडतं, बाहेर २१ टक्के हवा तयारच असते. १७ डिसेंबर १९७६ ला लॉस एंजेलिस बंदरात सान्सिनेना जहाजाची वाफ वारा पडलेल्या संध्याकाळी डेकवरच साचली, पेटली आणि जहाज फाटलं. त्या जहाजाच्या टाक्यांत इनर्ट गॅसही नव्हता. पुढे ८ जानेवारी १९७९ ला आयर्लंडमध्ये बेटेलज्यूझ जहाजाचा स्फोट झाला, ५० माणसं गेली, त्यावरही ही यंत्रणा नव्हती. नियम मग अमलात आले. सोलास या जहाज-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या १९७८ च्या प्रोटोकॉलने २०,००० टनांपासूनच्या नव्या टँकरना ती सक्तीची केली, आणि १ जानेवारी २०१६ पासून बांधलेल्या जहाजांना ही मर्यादा ८,००० टनांवर आली. प्रत्येक नियमामागे अशी एक-दोन जहाजं बुडालेली असतात.

आता भाच्याला एकच गोष्ट पाठ करायला सांगायची असेल तर ही. जो वायू जहाज वाचवतो तो माणूस मारतो. ५ टक्के ऑक्सिजनमध्ये दोन-चार श्वासांत शुद्ध जाते, धाप लागत नाही, गुदमरल्याची जाणीवही होत नाही, माणूस सरळ कोसळतो. शिडीवर असेल तर पडतो. बाहेरचा त्याला वाचवायला तसाच उतरतो, मग दोन होतात. हे आपल्याकडच्या मळीच्या टाक्या, सांडपाण्याचे हौद, सेप्टिक टँक यांतही घडतं, फक्त वायू वेगळा. आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडायची पद्धत होती. कंदील विझला तर उतरायचं नाही. पद्धत शहाणपणाची, पण हायड्रोजन सल्फाइडपुढे कंदील काही कामाचा नाही, आणि तेलाच्या टाकीत तर कंदील सोडायचा विचारसुद्धा करू नये! टाकीत उतरायचं तर ऑक्सिजन २०.९ टक्के, वाफ पेटण्याच्या खालच्या मर्यादेच्या १ टक्क्याखाली, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइडचं वेगळं रीडिंग, हवेचे पंखे सतत चालू, तोंडावर एक माणूस फक्त पहाऱ्याला. वर कुणी "पाचच मिनिटांचं काम आहे" म्हणालं तर न उतरण्याचा हक्क कॅडेटलाही आहे.

कच्च्या तेलात गंधक जास्त असेल तर आणखी एक त्रास. ऑक्सिजन नसलेल्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि गंज मिळून आयर्न सल्फाइड बनतं. हवा लागली की ते आपोआप तापतं, कधी लालही होतं. म्हणजे इनर्ट गॅस दीर्घकाळ ठेवून आपण ठिणगीचा एक नवा मार्ग तयार करतो. म्हणून मधेच यंत्रणा बंद पडून हवा आत आली तर ते साध्या टाकीपेक्षा वाईट. माल उतरवताना गॅस बंद पडला तर पंप ताबडतोब थांबवायचे, डेकवरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, टाकीत हवा जाऊ द्यायची नाही, दुरुस्ती झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. टर्मिनलवाले ओरडतील. ओरडू द्यावं.

सगळ्याच मालाला मात्र हा उपाय चालत नाही. स्टायरीनसारखी रसायनं आपोआप घट्ट होऊ नयेत म्हणून त्यांत एक प्रतिबंधक घालतात, आणि त्याला काम करायला थोडा ऑक्सिजन लागतो. तिथे टाकी पूर्ण इनर्ट केली तर दुसराच घोळ. केमिकल टँकरवर धुराऐवजी नायट्रोजन वापरतात, आणि माल भरून झाल्यावर, उतरवण्याआधी टाकी इनर्ट करायची मुभाही नियमात आहे.

शेवटी तुमच्या इथेनॉलकडे. तुमची शंका रास्त आहे, किंबहुना पेट्रोलपेक्षा इथेनॉलला ती जास्त लागू होते. बंद टाकीतली पेट्रोलची वाफ आपल्याकडच्या तापमानात सहसा इतकी दाट असते की मिश्रण वरच्या मर्यादेच्या पलीकडे जातं. इथेनॉलची वाफ १२-१३ अंशांपासून ४०-४२ अंशांपर्यंत नेमकी पेटण्याच्या टप्प्यात असते, म्हणजे सोलापुरात जवळजवळ वर्षभर. एप्रिल-मेमधल्या दुपारी कदाचित वर जाईल, पण संध्याकाळी परत टप्प्यात. तरी जमिनीवरच्या टाक्यांना बहुधा इनर्ट गॅस नसतो, कारण तिथे दुसरे उपाय शक्य आहेत: तेलावर तरंगणारं छत, ज्यामुळे वाफेची पोकळीच उरत नाही, टाकीला श्वास घेऊ देणाऱ्या ब्रीदर व्हॉल्व्हला फ्लेम अरेस्टर (ज्वाळा आत जाऊ न देणारी जाळी), विजेपासून संरक्षण, अर्थिंग, टाक्यांमध्ये अंतर आणि भोवती बांध. जहाज हलतं, त्याच्या टाक्यांत आडवेउभे लोखंडी भाग असतात, तरंगतं छत तिथे चालत नाही. काही रसायन कारखान्यांत नायट्रोजनचं ब्लँकेटिंग, म्हणजे द्रवावर नायट्रोजनचा थर, असतं, तेच हे तत्त्व. पण बॉयलरचा धूर तुमच्या टाकीत सोडायच्या फंदात पडू नका. बगॅस बॉयलरच्या धुरात ऑक्सिजन बहुधा जास्त, आणि उलट वाफ अडवणारं सील बसवल्याशिवाय ते आत्मघातकी.

ट्रकवर मात्र तुम्हाला लगेच लक्ष देता येईल. पाकणीच्या डेपोकडे किंवा बाहेर इथेनॉल नेणारे टँकर तुमच्याकडे भरतात. ज्या टँकरमध्ये आधी पेट्रोल होतं त्यात डिझेल भरताना स्फोट झाल्याची उदाहरणं जगभर आहेत. पेट्रोलची उरलेली दाट वाफ विरळ होऊन टप्प्यात येते आणि वाहणारं डिझेल स्थिर विद्युत आणतं. अर्थिंगची क्लिप उघड्या लोखंडावर बसली पाहिजे, रंगावर नव्हे. भरायचा पाइप तळापर्यंत गेला पाहिजे, वरून धबधबा नको. पाइपचं तोंड बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत. आणि भरून झाल्यावर लगेच डिप रॉड (पातळी मोजायची सळई) घालायचा नाही. जहाजावर इनर्ट गॅस बंद असेल तर आम्ही किमान ३० मिनिटं थांबायचो, ट्रकसाठी तुमच्या डेपोचा जो नियम असेल तो पाळा. तुमच्या टाकीवरचा फ्लेम अरेस्टर शेवटचा कधी उघडून साफ केला, हे मात्र उद्याच रजिस्टरमध्ये बघा. मळीच्या परिसरात धूळ आणि चिकटा त्याच्या जाळीत बसतो, जाळी तुंबली की टाकी श्वास घेऊ शकत नाही, आणि रात्रीच्या थंडीत पत्रा आत ओढला जातो.